सुट्टीतील अभ्यास आणि झोप
सुट्टीत मुलांसमोर पुस्तकाचे नावही काढू नये, असे मत काहीजण मांडतात; ते मला अर्धेच पटते. सक्तीची शिकवणी नकोच. मात्र अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली ३९ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा लांब सुट्टीनंतर मुले सरासरी महिनाभराने मागे पडतात आणि वाचनापेक्षा गणितात ही घसरण अधिक असते, असे दिसले होते. आमच्या मुलीला तिसरीनंतरच्या सुट्टीत हातच्याची वजाबाकी आठवेना आणि वही समोर धरली की तिचे डोळे भरून येत. म्हणून वही मिटून आम्ही पत्त्यांच्या डावातले गुण मांडण्याचे काम तिच्याकडे सोपवले, आणि काही आठवड्यांतच तिची वजाबाकी पुन्हा पक्की झाली.

सुट्टीतील अभ्यासाच्या चर्चेत झोपेचा विषय मात्र राहून जातो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तासांची झोप लागते. सुट्टीत निजण्याची वेळ मध्यरात्रीकडे सरकली, की ऊन चढण्यापूर्वीचा मैदानी खेळ बुडतो आणि जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वयोगटासाठी सांगितलेला रोजचा सरासरी ६० मिनिटांचा व्यायाम दिवसभरात पुन्हा साधत नाही. त्यामुळे उठण्याची वेळ शाळेच्या दिवसांपेक्षा तासाभराहून अधिक लांबू द्यायची नाही, हे एक बंधन आम्ही कसोशीने पाळतो.