मदत हवी आहे: सूडो न देता आयओटॉप चालवता येईल का?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे डेबियन १२ वर एक डेटाबेस सर्व्हर आहे. रात्रपाळीला दोन नवी मुलं असतात. सर्व्हर मंदावला की डिस्कवर नेमकी कोणती प्रोसेस (चालू प्रोग्राम) लिहितेय हे त्यांना बघावं लागतं, म्हणून एचटॉप (चालू प्रोसेसची यादी दाखवणारं टूल) आणि आयओटॉप (कोणती प्रोसेस डिस्क किती वापरतेय ते दाखवणारं टूल) यांपुरतं सूडो, म्हणजे रूटच्या (मुख्य ॲडमिनच्या) अधिकाराने चालवायची मुभा, दिलं होतं. नुसतं बघायचंय, त्यात काय बिघडणार, असं वाटलं होतं. गेल्या आठवड्यात एकाकडून एचटॉपमध्ये एफ९ आणि एंटर दाबलं गेलं, आणि चालू डेटाबेस बंद पडला. चूक त्या मुलाची नाही, माझी आहे. सूडोने उघडलेल्या एचटॉपमधून कुठलीही प्रोसेस मारता येते, हे आधीच ध्यानात यायला हवं होतं.

एचटॉपचं सूडो काढलं. साध्या यूजरलाही त्यात सगळ्या प्रोसेस दिसतात, त्यामुळे काही अडलं नाही. अडलंय ते आयओटॉपवर, सूडोशिवाय तो परवानगी नसल्याची एरर देतो. सेटकॅप कमांडने त्या फाइलला कॅप_नेट_ॲडमिन ही कॅपॅबिलिटी (रूटच्या अधिकारांपैकी नेटवर्क सांभाळण्याचा एक सुटा अधिकार) दिली, तरी तीच एरर. आता पायथॉनलाच द्यावं का? आणि डिस्कचे आकडे बघायला नेटवर्कची परवानगी कशाला लागते?

प्रतिसाद १:
पायथॉनला अजिबात देऊ नका! आयओटॉप ही पायथॉन स्क्रिप्ट आहे. स्क्रिप्टच्या फाइलवर लावलेली कॅपॅबिलिटी कर्नल (लिनक्सचा गाभा) धरत नाही, इंटरप्रिटरवरची (स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामवरची, इथे पायथॉनवरची) धरतो. पायथॉनला दिलीत तर सर्व्हरवरच्या कोणाच्याही स्क्रिप्टला फायरवॉल आणि रूटिंग बदलता येईल.

त्याऐवजी आयओटॉप-सी हे पॅकेज घ्या, ते सीमध्ये लिहिलेलं आहे. मुलांचा वेगळा ग्रुप करा, फाइलची मालकी रूटकडे ठेवून ग्रुप तो लावा, परवानगी ७५० (म्हणजे रूट आणि तो ग्रुप सोडून कोणालाच चालवता येणार नाही), आणि सगळ्यात शेवटी सेटकॅप. आधी सेटकॅप केलंत तर चाऊन (मालकी बदलणारी कमांड) ते पुसून टाकतं. पॅकेज अपडेट झालं की पुन्हा लावावं लागेल.

नेटवर्कचं म्हणाल तर हे आकडे कर्नलच्या टास्कस्टॅट्सकडून (प्रत्येक प्रोसेसचे आकडे देणारी सोय) नेटलिंक सॉकेटवरून (कर्नलशी बोलायचा, नेटवर्कच्याच धर्तीचा मार्ग) येतात. पूर्वी ते कोणालाही मिळायचे. त्यांवरून दुसऱ्याच्या पासवर्डची लांबी ओळखता येते हे २०११ मध्ये उघड झालं आणि कर्नल ३.१ पासून कॅप_नेट_ॲडमिनची अट आली.

प्रतिसाद २:
माझ्या मते कॅप_नेट_ॲडमिनही या कामाला जास्तच आहे. सिस्टमडीची (लिनक्समध्ये सर्व्हिस चालवणारी यंत्रणा) एक सर्व्हिस करून आयओटॉप बॅच मोडमध्ये (नुसते आकडे छापत राहणारा मोड) रूटकडूनच चालवा, दर ५ सेकंदांनी लॉगमध्ये लिहू द्या आणि मुलांना लॉग फक्त वाचू द्या. कोणी पिडस्टॅटला (प्रोसेसचे आकडे दाखवणारं आणखी एक टूल) कॅप_सिस_पीट्रेस ही कॅपॅबिलिटी द्यायला सांगितलं तर ऐकू नका. त्याने दुसऱ्यांच्या प्रोसेसची मेमरी वाचता येते, आणि तुमच्याकडे तर डेटाबेस आहे.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. लॉगची सर्व्हिस लावली, दोन्ही मुलांचं सूडो काढलं. वाचन-लेखनाचे आकडे येतात, पण आयओच्या टक्केवारीचा रकाना रिकामा राहतो. परवानगी कमी पडतेय का?

प्रतिसाद २:
परवानगीचा संबंध नाही. कर्नल ५.१४ पासून डिले अकाउंटिंग (प्रोसेस डिस्कसाठी किती वेळ थांबली याची नोंद) मुळातच बंद असतं. सिसकंट्रोलमध्ये (कर्नलच्या सेटिंग्ज) कर्नल.टास्क_डिलेॲक्ट १ करा, त्यानंतर सुरू झालेल्या प्रोसेसचे आकडे येतील.