आत्याकडचे जुने गावरान टमाटे: वाण कोणतं आणि बी कसं धरावं?

औसा_शिवार:
राम राम मंडळी. औसा तालुक्यात आत्याच्या परसात, न्हाणीच्या पाण्यावर टमाट्याची झाडं आहेत. मी लहान होतो तेव्हापासून तीच. फळ चपटं, खाचाखाचांचं. पिकलं तरी देठाकडं हिरवट राहतं आणि साल इतकी पातळ की पिशवीत घातलं की फुटतं. पण आमटीत टाकलं तर चिंच लागत नाही. आत्या आता लेकाकडं लातूरला राहायला जाणार, घर बंद होईल. त्याआधी हे बी माझ्याकडं यायला पाहिजे. वाणाचं नाव कुणी सांगेल का? आणि बी कसं धरू? शेजारच्या वावरात हायब्रीड आहे, त्याची भीती वाटते.

जालना_रोपवाटिका:
वर्णनावरून पुसा रुबी वाटतंय. दिल्लीच्या पुसा संस्थेचं जुनं सरळ वाण (म्हणजे हायब्रीड नसलेलं, ज्याचं बी घरी धरता येतं), चपटं आणि आंबटसर. एकेकाळी सगळीकडं लावायचे.

गोदाकाठ_परभणी:
असू शकेल, पण फळ पाहून नाव ठामपणे सांगू नये असं माझं मत आहे. चपटी, खाचांची गावरान टमाटी कितीतरी आहेत. पुसा रुबीचंच बी एखाद्या घरात पिढीभर निवडत गेलं की तेही वेगळं होतं. नावापेक्षा लक्षणं लिहून ठेवा, ती जास्त कामाची. पान नेहमीसारखं कातरलेलं आहे की बटाट्यासारखं रुंद? झाड वाढतच राहतं की ठरावीक उंचीवर थांबून झुडूप होतं? फळ आडवं कापून आत किती कप्पे आहेत ते मोजा. पिकलेल्या फळाची साल सोलून उजेडात धरा. साल पिवळसर असेल तर फळ लाल दिसतं, पारदर्शक असेल तर गुलाबी. देठाकडचा हिरवा पट्टा जुन्या वाणांत बऱ्याचदा असतो. नव्या वाणांत फळ एकसारखं पिकावं म्हणून तो निवडीतून घालवला आहे.

वर्षानुवर्षं तसंच फळ येतंय, म्हणजे वाण स्थिर आहे. तरी पुढच्या हंगामात आठ-दहा रोपं लावून बघा. सगळी सारखी आली तर निर्धास्त राहा. एकाच बियाण्यातून लांबट, गोल, चपटी अशी सगळी निघाली, तर कुठंतरी हायब्रीड मिसळलंय.

बालाघाट:
हायब्रीडची भीती थोडी कमी करा, ताण घेऊ नका. टमाट्याचं फूल बहुतेक आपलं आपणच फळतं. पुंकेसरांची नळी असते आणि स्त्रीकेसर तिच्या आत असतं. पण जुन्या, मोठ्या फळांच्या वाणांत ते कधी कधी नळीबाहेर डोकावतं, तिथं भुंगे परका पराग आणू शकतात. फूल नीट निरखून बघा. डोकावत असेल तर उमलायच्या आधीच कळ्यांच्या झुपक्याला मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधा आणि रोज हलकेच हलवा. फळ धरलं की पिशवी काढून देठाला लोकरीचा रंगीत धागा बांधा, म्हणजे तोडताना घरातल्या कुणाची चूक होणार नाही.

बी एका झाडाचं नको, चार-पाच निरोगी झाडांचं घ्या. बोकड्या (पानं आकसून मुरडतात तो रोग) आलेलं किंवा पानावर फिकट-गडद ठिपक्यांची नक्षी दिसणारं झाड सोडून द्या, फळ कितीही देखणं असो. आणि तंबाखू मळलेल्या हातानं झाडाला हात लावू नका. तंबाखूतला मोझॅक विषाणू टमाट्यावर येतो आणि बियाण्याच्या सालीवरूनही पुढं जातो.

औसा_शिवार:
ताई, लई उपयोगी सांगितलंत. आत्या फळ पिळून बी सरळ राखेत चोळते आणि वाळवते. तसंच करू का?

बालाघाट:
राख वाईट नाही, बी सुटं होतं आणि लवकर वाळतं. पण बियाभोवतीचा गर बी उगवू देत नाही आणि रोगही त्याच्यात राहतात. म्हणून आधी आंबवा. झाडावरच पूर्ण पिकलेलं फळ घ्या, बी गरासकट काचेच्या भांड्यात काढा, पाणी घालायचंच तर अगदी थोडं. वर फडकं बांधून सावलीत ठेवा. थंडीत दोन-तीन दिवस लागतात, आपल्याकडच्या उन्हाळ्यात दीड दिवसातही होतं. वर पांढरी साय आली की थांबा. जास्त ठेवलं तर भांड्यातच मोड येतात. मग भरपूर पाण्यात धुवा. भरीव बी तळाशी बसतं, पोकळ वर येतं, ते ओतून टाका. ताटात पसरून सावलीत वाळवा आणि अधूनमधून हलवत राहा. कागदावर टाकलं तर चिकटून बसतं. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर अजिबात ठेवू नका, बी भाजतं.

गोदाकाठ_परभणी:
पुरतं वाळलं की बरणीत घाला, तळाशी कोरड्या राखेची पुरचुंडी ठेवा. वर गाव, वर्ष आणि लक्षणं लिहा. असं बी चार-पाच वर्षं सहज उगवतं. सगळं एकाच घरात ठेवू नका, थोडं दुसऱ्या कुणाकडं द्या. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, वाटायचा, विकायचाही हक्क दिलाय. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही. वाण वेगळं, एकसारखं आणि स्थिर ठरलं तर शेतकऱ्याचं वाण म्हणून त्याच कायद्याखाली नोंदवताही येतं. त्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठात विचारा.

औसा_शिवार:
रविवारी गावी जातोय. फूल बघून, फळ कापून सगळे फोटो इथंच टाकतो.

जालना_रोपवाटिका:
फोटोत पानाखाली हात ठेवा, आकार कळतो. आणि थोडं बी मला द्या, रोपं करून ठेवतो.