शेंगाचटणीच्या किती कॅलरी धरता? (अनुभव धागा)

भाकरतुकडा (धागाकर्ती)

आमच्या ऑफिसात हल्ली डबा उघडायच्या आधी मोबाईलवरचं कॅलरी मोजायचं ॲप उघडतं. कोण बाराशेवर आहे, कोण पंधराशेवर. मीही नोंदी ठेवते, त्यात गैर काही वाटत नाही. पण परवा शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं डब्यातली शेंगाचटणी बाजूला सारली आणि "तेवढ्यात चार मारी बसतात" म्हणत चहात बिस्किटं बुडवली. हिशेब अगदी बरोबर होता हो तिचा. दोन चमचे म्हणजे 20 ग्रॅम चटणी, साधारण 110 कॅलरी. चार मारीही तेवढ्याच. फक्त चटणीत पाच ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होती आणि बिस्किटांत मैदा नि साखर.

आपल्या सोलापुरात हा पेच जरा जास्तच आहे. शेंगा नाहीत कशात? चटणीत आहेत, पोळीत आहेत, वांग्यात कूट, आमटीत कूट, उपासाला तर विचारूच नका. 100 ग्रॅम दाण्यात 520 ते 560 कॅलरी, आणि त्याच 100 ग्रॅममध्ये 24-25 ग्रॅम प्रथिनं. आकडा बघितला की नको वाटतं, ताट बघितलं की हवं वाटतं.

तर अनुभव लिहा. डाएट प्लॅन नकोत, ते ढिगानं मिळतात. तुम्ही काय मोजलं, काय मोजायचं सोडलं, घरच्या ताटात काय बदललं, एवढंच.

होटगी_रोड

मी मोजणाऱ्यांच्या बाजूनं. मोजलं म्हणून तर तेल दिसलं.

आम्ही घरात चार माणसं, महिन्याला पाच लिटरचा डबा. एवढं सगळ्यांकडेच लागतं, असं आम्ही धरून चाललेलो. एका रविवारी कागद घेऊन बसलो. पाच लिटर म्हणजे साडेचार किलोच्या थोडं वर. भागिले चार माणसं, भागिले तीस दिवस, माणशी रोज 38 ग्रॅम. तेलाच्या ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे 340 कॅलरी नुसत्या फोडणीतून. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 साली आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात 2000 कॅलरीच्या दिवसाला तेल-तूप 27 ग्रॅम दिलंय. आणि आमच्या 38 मध्ये बाहेरची भजी धरलेलीच नाहीत.

बायको म्हणाली, मग उकडलेलंच खा आता. तसं काही केलं नाही. फोडणीसाठी पळीऐवजी पोह्याचा चमचा आला, बस्स. भरली वांगी पहिल्यांदा कोरडी लागली. मग तिनं दाणे जरा जास्त भाजून कूट बारीक केलं, झाकण ठेवून मंद आचेवर शिजवली, तर कुटाचंच तेल सुटून वर आलं. डबा आता पुढच्या महिन्याच्या दहा-बारा तारखेपर्यंत पुरतो.

यातलं ॲपनं काही सांगितलं नाही हां. मी "वांग्याची भाजी, एक वाटी" लिहायचो आणि ते कुठल्या मुलखातल्या वांग्याचा आकडा द्यायचं देव जाणे.

कडकलक्ष्मी

वजनकाट्याची गंमत सांगते. भाचीनं काटा आणून दिला, "मामी, भाकरी मोजून खात जा." मोजली. मऊ भाकरी नव्वद ग्रॅमच्या आसपास भरली. तीच वाळवून कडक केली तर साठ-बासष्ट. ॲपला "ज्वारीची भाकरी" म्हणून एकच आकडा माहीत, तोही शंभर ग्रॅमचा. त्याच्या हिशेबानं माझी भाकरी वाळत घातली की तिसरा हिस्सा कॅलरी उडून जातात! अहो, उडालं ते पाणी. पीठ दोन्हीत तेच साठ ग्रॅम, कॅलरी दोन्हीत त्याच दोनशे.

तेव्हापासून पीठ मोजते, भाकरी नाही. भाताचंही तसंच. आमच्या ह्यांना मोकळा भात लागतो आणि सासूबाईंना गुरगुट्या. एक वाटी तांदळाचा कुणाचा दोन वाट्या होतो, कुणाचा चार. शिजलेली वाटी मोजून काय कळणार?

आणि कडक भाकरीची करामत वेगळीच. मऊ भाकऱ्या गप्पांच्या नादात दोनच्या तीन होतात. कडक भाकरी दही-चटणीशी खायला बसा, एक संपता संपता जबडा म्हणतो पुरे. चुरून आमटीत घातली तर मात्र हा नियम लागू नाही, ती भुरकून जाते.

रविवार_मटण

कट वरच्यावर पळीनं काढून ठेवतो, खाली मटण तेच. काढलेला कट दुसऱ्या दिवशी पिठल्याच्या फोडणीला. कॅलरी वाचल्या की पुढच्या दिवसावर ढकलल्या, हे मात्र विचारू नये.

निवृत्त_मास्तर

"भाकरी खा, भाकरीला कॅलरी नसतात" असं छातीठोकपणे सांगणारे मला फिरायला जाताना कंबर तलावावर रोज भेटतात. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात 330-350 कॅलरी असतात. गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढ्याच. तंतूंचं म्हणाल, तर चाळून कोंडा न काढलेल्या कणकेतही ते भरपूर असतात. मग फरक कुठं पडतो? मला तरी तो सोबतीत दिसला. पोळीला तेल लागतं, वरून तूप लागतं. भाकरीला पाणी. पोळीबरोबर बटाट्याची भाजी येते, भाकरीबरोबर मेथी, पिठलं, मटकी, कच्चा कांदा.

मला साखरेचा त्रास आहे. घरी ग्लुकोमीटर आहे, जेवणानंतर दोन तासांनी बघतो. तीन भाकऱ्या आणि पातळ आमटी असं जेवण झालं की आकडा चढतो. दीड भाकरी, वाटीभर घट्ट उसळ आणि पालेभाजी असली की तेवढा चढत नाही. कॅलरी दोन्ही जेवणांच्या फार वेगळ्या नव्हत्या, मी मुलीकडून काढून घेतल्या होत्या. तेव्हापासून घरात प्रश्न बदलला. किती भाकऱ्या, असं कुणी विचारत नाही. भाकरीशी काय आहे, असं विचारतात.

मंगळवेढ्याला मेहुण्यांचं शेत आहे. तिथल्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा त्यांना फार अभिमान. मानांकनामुळं कॅलरी कमी होत नाहीत, हे मी त्यांना दरवर्षी सांगतो. हुरड्याच्या दिवशी मात्र मीटर घरी ठेवतो. आगटीतून काढलेली गरम कणसं, हातावर चोळून फुंकर मारलेला हुरडा, शेंगाचटणी, दही. गुळाचा खडा तेवढा टाळतो.

भाकरतुकडा

मास्तर, हुरड्याचं आमंत्रण धाग्यावर द्यायचं असतं.

पूर्वभाग_कन्या

घरी आम्ही तेलुगू बोलतो, तेव्हा मराठी सांभाळून घ्या.

माझी अम्मा विड्या वळते. सकाळी मांडीवर सूप घेतलं की दुपारपर्यंत उठत नाही. चहा, खारी, परत चहा. जेवणात भात आणि त्यावर चिंचेचं पुलुसु, पातळ. डाळ नावाला. मी होम सायन्सला होते तेव्हा प्रॅक्टिकलसाठी तिचा एका दिवसाचा आहार वहीत मांडला. कॅलरी पुरेशा निघाल्या, बसून काम करणारीला उलट थोड्या जास्तच. वजनही चांगलं होतं. आणि हिमोग्लोबिन 8.4. बाईमाणसाला 12 च्या वर हवं.

नातेवाईक हसायचे, "एवढी अंगानं भरलेली, हिला कसली अशक्तता?" तेव्हा मला पहिल्यांदा नीट समजलं की पोट भरणं आणि रक्त भरणं वेगवेगळं चालतं. आपल्याकडच्या तक्त्यात बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह सांगितलंय. भात, खारी आणि चहातून ते कुठून येणार? त्यात चहा जेवणाला लागूनच. चहातल्या टॅनिनमुळं जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या घेतल्याच. घरात तीन गोष्टी बदलल्या. चहा जेवणापासून तास-दीड तास लांब गेला. पप्पू, म्हणजे आमचं डाळीचं वरण, घट्ट झालं आणि त्यात गोंगुरा, म्हणजे तुमची अंबाडी, नाहीतर शेवग्याचा पाला. वर लिंबू, कारण क जीवनसत्त्वामुळं पालेभाजीतलं लोह जास्त शोषलं जातं. भात एका वाडग्यानं कमी झाला, पण तो मी कमी करायला सांगितला नव्हता. पप्पू घट्ट असलं की तिला तेवढाच पुरतो. नवं तसं काहीच आणलं नाही, हे सगळं माझ्या अम्मम्माच्या, म्हणजे आजीच्या, स्वयंपाकात होतंच. विड्यांच्या हिशेबात वेळ जायला लागला तसं मागं पडलं.

आता हिमोग्लोबिन अकराच्या वर आहे. कॅलरीची वही मी तिला दाखवलीच नाही.

तक्तेवाली

पूर्वभाग_कन्या, छान लिहिलंस. मी आहारशास्त्र शिकवायचे, म्हणून आकड्यांबद्दल थोडंसं. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं ग्रॅमला 4 कॅलरी, स्निग्ध पदार्थ 9. हे आकडे अमेरिकेतल्या विल्बर ॲटवॉटर यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झालेल्या कामातून आलेत. ती सरासरी आहे, तुमच्या पोटाचा पंचनामा नाही. अख्खे दाणे खाल्ले तर त्यातलं थोडं तेल न पचता बाहेर जातं, उखळात कुटून तेल सुटलेल्या चटणीतलं जास्त अंगी लागतं. ॲपला हा फरक कुठून कळणार?

मी घरी करते ते सांगते. आपल्या देशाचे अन्नघटक तक्ते 2017 साली आले, 528 पदार्थांचे, बहुतेक कच्चे जिन्नस. घरातले दहा-बारा नेहमीचे पदार्थ घ्यायचे आणि पूर्ण पातेल्याचे जिन्नस एकदाच मोजायचे. पाव किलो दाणे, लसूण, मीठ, तिखट, झाली चटणी. बेरीज करायची, चमच्यांनी भागायचं. वहीच्या पानावर कॅलरीशेजारी प्रथिनांचा रकाना ठेवायचा. दोनच रकाने. जास्त केले की वही बंद पडते, हे विद्यार्थिनींवरून सांगते. ॲपमध्ये "पीनट चटणी" शोधाल तर बऱ्याचदा खोबरं घातलेली, इडलीबरोबरची ओली चटणी निघते. आपल्या कोरड्या चटणीशी तिचा काही संबंध नाही.

एक_आई

नाव नको. माझ्या मुलीनं अकरावीत मोजायला सुरुवात केली. आधी कौतुक वाटलं, वडापाव सुटला म्हणून. मग भाजीतलं तेल टिपकागदानं टिपायला लागली. मग लग्नाकार्याला यायची बंद, कारण तिथल्या कॅलरी माहीत नसतात. पाळी थांबली तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी समुपदेशकाकडे पाठवलं आणि पहिलं काम सांगितलं, घरातला वजनकाटा आणि ॲप दोन्ही काही काळ बंद. आता ती आमच्याबरोबर जेवते. ताटात काय आहे यावर आम्ही जेवताना बोलत नाही.

वाढत्या वयाच्या मुलांच्या हातात कॅलरीचा आकडा देताना लक्ष ठेवा, इतकंच म्हणते. मोठ्यांचं मोठ्यांपाशी.

होटगी_रोड

ताई, लिहिलंत ते बरं केलंत. आमच्याकडे धाकटी आठवीत आहे. तेलाचा कागद फ्रिजवर लावला होता, तो काढला.

लूमवाला

तुमी सगळे कमी करायलाव, मी वाढवायलोय. एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी. उंची पाच-सात, वजन 49. डॉक्टर म्हणले खाणं वाढव. दोस्त म्हणले सोपं हाय, वडापाव दोन वाढव, कोल्ड्रिंक घे, कॅलरीच कॅलरी. महिनाभर तसं चाललं. वजन किलोभर वाढलं पण रात्री दोननंतर डोळे मिटायचे, छातीत जळजळ. उभ्याचं काम, मशीनपुढं डुलकी म्हणजे बोट जायचं काम.

वहिनीनं डबा सुरू केला. दोन भाकऱ्या, मूठभर शेंगाचटणी (तुमी ज्याच्यावर भांडायलाव ती), दोन अंडी उकडून, वरनं गूळ-शेंगा. कॅलरी वडापावएवढ्याच असतील नायतर थोड्या जास्त. पण पाच वाजेपर्यंत पोट धरतंय. जळजळ बंद हाय. वजन हळूहळू यायलंय.

अडचण एकच. उन्हाळ्यात आतमध्ये भट्टी असती, उसळ नेली तर मध्यरात्रीपर्यंत आंबती. प्रथिनं अजून पाहिजेत म्हणतात. काय न्यावं, सांगा की कुणीतरी.

कडकलक्ष्मी

लूमवाल्या दादा, रस्सा आणि खोबरं घातलं की आंबणारच. मटकी मोड आणून कोरडीच परतायला सांगा वहिनींना, पाण्याचा हबका अगदी थोडा, कांदा-टोमॅटो नको. पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका. तेही ज्या दिवशी नको वाटेल त्या दिवशी फुटाणे न्या, त्यांना काही होत नाही. कांदा अख्खा न्या, तिथंच फोडा. आणि अंडी घरून सोलून नेऊ नका, सालासकट ठेवा, खायच्या वेळी सोला. फार उकाड्यात अंडी पाळीच्या सुरुवातीलाच खाऊन घ्या, शेंगा-गूळ मागं ठेवा.