गुडघे कुणालाच सुटत नाहीत

काका, ‘बंगला, विमान, डॉक्टर दिमतीला, पंतप्रधानाला कसला आलाय त्रास?’ असं म्हणता खरं, पण मी ग्वाल्हेरचा, लष्करातला (फौजेतला नव्हे, मोहल्ल्यातला!), म्हणून आमच्या गावच्या अटलजींचंच सांगतो. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईत एका गुडघ्याचं ऑपरेशन, जून २००१ मध्ये दुसऱ्याचं. आणि जुलैच्या मध्यावर आग्र्यात मुशर्रफांशी वाटाघाटींना हजर. वय शहात्तर.

आमच्या आईचेही गुडघे बदललेत. पाचव्या आठवड्यात ती वॉकर घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायची, चौकट धरून उभी राहायची नि म्हणायची, “चहा आज तूच टाक रे.” रात्री कण्हणं वेगळंच. तिला निदान कण्हायची मोकळीक होती. अटलजी बोलताना जरा थांबले तरी लोक तब्येतीवर घसरायचे.

शास्त्रीजींचं तर विचारूच नका. जून १९६४ ला पंतप्रधान झाले, त्याच महिन्यात हृदयविकाराचा झटका. मग १९६५ चं युद्ध, आणि ताश्कंदला करारावर सही केल्यावर काही तासांतच गेले. अवघे ६१ वर्षांचे.

सोयी असतात, मान्य. आमच्याकडे फिजिओथेरपीवाला आठवड्यातून दोनदाच यायचा, तोही उशिरा.