लेखी नियम, आठची झोप आणि गंगावेशीतलं दूध

मंगळवार पेठेतली आक्का

परवा ‘आर्याची आई’ यांनी इथं यादी टाकली, लहान मूल आनंदी आणि निरोगी ठेवायचे बारा नियम. वाचली. चहा ठेवला, परत वाचली. सातवा नियम काही डोक्यातून जाईना. ‘आजी-आजोबांना पहिल्या दिवशीच सीमा आखून द्या. नियम लेखी असतील तर उत्तम.’

लेखी! मी ३१ वर्षं कोल्हापुरात एस.टी.च्या कचेरीत काढली. माझी दोन्ही पोरं सासूबाईंनी वाढवली. त्यांच्या हातात मी नियमांचा कागद दिला असता, तर त्यांनी पोरगं माझ्या कडेवर देऊन ‘जा घेऊन डेपोत’ म्हटलं असतं. आणि बरोबरच केलं असतं.

आता माझी पाळी. नातू साडेतीन वर्षांचा. सून बँकेत, मुलगा गोकुळ शिरगावला कंपनीत. सकाळी नऊपासून दोघं येईपर्यंत पोरगं माझ्याकडं. यायला पावणेआठ होतात, महिनाअखेरीला साडेआठ. आणि नियम तिसरा म्हणतो, रात्री आठला मूल अंथरुणात पाहिजे. म्हणजे बाप फक्त रविवारी बघायचा त्यानं? गाडीचा आवाज आला की जिन्यात पळत जाऊन उभा राहतो तो. बापाचं हेल्मेट स्वतःच्या डोक्यात घालून घरभर आपटत फिरतो. ती वीस मिनिटं त्याच्या दिवसातली सगळ्यात भारी. ती मी झोपेवर ओवाळून टाकू?

नियम पाचवा, ‘नाही’ हा शब्द टाळा, आधी मुलाच्या भावना विचारा. पोरगं कुकरच्या शिट्टीला हात घालतंय. मी काय विचारू, ‘बाळा, तुला आत्ता कसं वाटतंय?’

नववा नियम जेवताना मोबाईल नको. मान्य. पण रात्री हे पोरगं घास गालात धरून बसतं, खारीगत. अर्धी चपाती आणि आमटी, पाऊण तास. चिऊचा घास झाला, काऊचा झाला, खासबागेतल्या पैलवानाचा झाला, गाल तस्सा फुगलेला. शेवटी दहा मिनिटं मोबाईल देते. लिहिते खरं ते.

बाकी पोरगं ठणठणीत आहे. आजोबा रोज संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेतात, तिथं समोर म्हशीची धार काढून देतात, ते धारोष्ण दूध पाजतात. तुमच्या बारा नियमांत ते कुठंच नाही.

आर्याची आई

काकू, नियम तुम्हाला उद्देशून नव्हता, पण तुम्हाला लागला, तर तो का लिहिला तेही ऐका.

आर्या पंधरा दिवसांची असताना मी अंघोळीला गेले. बाहेर आले तर सासूबाई तिला गुटीत मध घालून चाटवत होत्या. एक वर्षाच्या आत मध द्यायचा नसतो. त्यात बोट्युलिझम या गंभीर आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि इतक्या लहान आतड्यात ते वाढतात, असं डॉक्टरांनी त्यांच्यासमोर सांगितलं होतं. त्यांच्यासमोर! मग काजळ. मग कानात तेल. प्रत्येक वेळी ‘आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?’ आणि नवरा टीव्हीचा आवाज वाढवणार. तेव्हा कागदावर लिहून फ्रीजला लावलं. सीमा म्हणा, नोटीस म्हणा.

मोबाईलचंही माझ्या मनाचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय, वर्षाच्या आत स्क्रीन अजिबात नको, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी तेवढं बरं. तुमच्या दहा मिनिटांनी आभाळ कोसळणार नाही. प्रश्न असा की मोबाईल बघत गिळलेल्या घासाला चव असते का, आणि पोट भरलं हे पोराला कळतं का.

आणि धारोष्ण? साडेतीन वर्षांच्या पोराला कच्चं दूध? खरंच?

तालमीतला

दुधावर कोण बोललं रे? मधावर बोला, मोबाईलवर बोला, आमचं काही म्हणणं नाही. कट्ट्यावर बोलायचं काम नाही.

आक्का, तुम्ही पाजा बिनधास्त. माझा आजा त्या दुधावर वाढला, बाप वाढला, मी वाढलो. म्हैस समोर उभी, धार समोर काढतात, ग्लासात फेस. पाणी घालायला जागा आहे का? शाहू महाराजांनी १९१२ ला खासबागचं मैदान बांधलं, तिथं लढलेले मल्ल काय पिशवीतलं दूध पिऊन लढले? आता नवीन आईबाप निघालेत. पोराला माती लागू देत नाहीत, ऊन लागू देत नाहीत, आणि मग शिंकलं की दवाखाना.

फुलेवाडीकर

माती लागू द्यायची तर माती कुठं ठेवलीय? तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसाला तीन तास हालचाल केली पाहिजे म्हणतात. आमच्या गल्लीत करायची कुठं? समोरच्या मोकळ्या प्लॉटवर वाळूचे ढीग, रस्त्यावर दोन्ही बाजूला चारचाक्या, आणि संध्याकाळी सातनंतर कुत्री. आमची पोरं सोफ्यावरून उडी मारतात. सोफा गेला. बारा नियम आईबापांना करण्याऐवजी एक नियम करा, प्रत्येक वॉर्डात एक मैदान, आणि त्यात लग्नाचा मांडव नाही.

सून, मूळची पुण्याची

विषय मुलांचा आहे म्हणून विचारते. माझी चार वर्षांची लेक ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणते. सासूबाईही तसंच बोलतात. मी दुरुस्त केलं की घरात सगळे हसतात. यावर कुणाला काही सुचतंय का?

तालमीतला

सुचतंय की. दुरुस्त करू नका. कोल्हापूरची पोरगी ‘मी आलो’ म्हणते तेव्हा ती आलेली असते.

सिस्टर, बालरुग्ण विभाग (निवृत्त)

दोन दिवस गप्प वाचत होते. आता दुधावर लिहिते, कुणाला आवडो न आवडो.

पाणी घातलेलं नाही, कबूल. पाण्याचा प्रश्नच नाही. म्हैस धडधाकट दिसते, चारा खाते, दूध देते आणि तिच्या दुधातून ब्रुसेलोसिसचे जंतू येत असतात, क्षयाचेसुद्धा येऊ शकतात. कासेला लागलेल्या शेणातून येतात ते वेगळेच. ब्रुसेलोसिसचा ताप चढतो, उतरतो, परत चढतो. रात्री घाम, सांधे दुखतात, पोरगं चिडचिडं होतं. घरातले कधी दृष्ट काढतात, कधी टायफॉईडच्या गोळ्या देतात. नीट निदान झाल्यावर सहा-सहा आठवडे औषध. मी वॉर्डात बघितलेत असे पेशंट. आईला विचारायचं, ‘कच्चं दूध पितो का?’ आई ठासून नाही म्हणायची, आणि दारात उभा असलेला आजोबा खाली बघायचा.

दूध उकळलं की हे सगळं संपतं. डेअरीत ७२ अंशावर १५ सेकंद ठेवतात, तेवढ्यानं भागतं. उकळल्यानं कॅल्शियम जात नाही, प्रथिनं जात नाहीत. एखादं ब जीवनसत्त्व थोडं कमी होतं, ते डाळीत मिळतं.

तालमीतला

सिस्टर, म्हशींना लस असते. आणि सारखं तुमचं आजार, आजार. आम्ही काय मेलो का?

सिस्टर, बालरुग्ण विभाग (निवृत्त)

जे गेले ते इथं लिहायला येत नाहीत, दादा.

लस चार ते आठ महिन्यांच्या रेडीला, म्हशीच्या मादी पिल्लाला देतात. तुम्ही ज्या म्हशीचं पिता तिला रेडी असताना दिली होती का, मालकाला विचारलंत कधी? पैलवानानं प्यायचं तर प्यावं, तो जाणता आहे. साडेतीन वर्षांचं पोर ग्लास धरतं कारण आजोबा हातात देतात.

तालमीतला

म्हणजे आजोबा गुन्हेगार. व्वा. फिरून सातव्या नियमावरच आलात. सगळ्या मिळून म्हाताऱ्यांना कागद द्या.

महापुरातला बाप

भांडा, पण मध्ये एक सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमची पोरगी अकरा महिन्यांची होती. पंचगंगा घरात आली तेव्हा तिला पाठीशी बांधून निघालो. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, गावात दूध नाही, लाईट नाही, नळाला पाणी नाही. पाहुण्यांच्या दोन खोल्यांत आम्ही चौदा माणसं. भाताची पेज, मऊ भात, वरणाचं पाणी, एवढ्यावर पोरगी आठ दिवस राहिली. झोपायची अकराला, कुणाच्याही कुशीत. तुमच्या यादीतला एकही नियम पाळला नव्हता, तरी पोरगी हसत होती. सगळ्यांचे मोबाईल बंद होते, ते एक सोडून.

आर्याची आई

दादा, वाचून काटा आला. पण पुरातलं पुरात. अकराची झोप आम्ही एरवीही चालवायची का?

महापुरातला बाप

चालवा म्हणालो नाही. झोपेच्या तासांचं बोला, घड्याळाचं नको, एवढंच. त्या जागतिक संघटनेनंच तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास सांगितलेत, दुपारची झोप धरून. आक्कांचा नातू दहाला झोपला, सातला उठला आणि दुपारी दीड तास झोपला, तर साडेदहा तास झाले. आठ वाजले पाहिजेत असं त्यात कुठं आहे?

आर्याची आई

बरं. आठ माझे. आर्या आठला झोपली की मला दीड तास मिळतो, ज्यात कुणी ‘आई’ म्हणत नाही. नियमाचं खरं कारण ते. झालं समाधान?

सिस्टर, बालरुग्ण विभाग (निवृत्त)

हे बारा नियमांतलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य.

आक्का, तुम्हाला एक विचारायचं राहिलं. नातू कट्ट्यावर दूध किती पितो, आणि रात्री जेवायला कधी बसवता?

मंगळवार पेठेतली आक्का

जेवायला साडेसातला. कट्टा साडेसहाला. यांना विचारलं, तर ‘अर्धा ग्लास’. नातवाला विचारलं, तर त्यानं दोन बोटं दाखवली आणि ‘एक आबाचा पण’ म्हणाला. हे पेपर वाचायला लागले.

मग मी दिवसाचा हिशोब मांडला, एस.टी.ची सवय. सकाळी एक पेला. दुपारी झोपेतून उठला की एक. कट्ट्यावरचे दोन. रात्री बाटली, हो, अजून बाटली आहे, कुणी काही बोलू नका. लिटरभर होतंय.

सिस्टर, बालरुग्ण विभाग (निवृत्त)

बघा, घास गालात का बसतो ते सापडलं. म्हशीचं दूध जड, त्यात साय. तासाभरापूर्वी दोन ग्लास पोटात असतील तर चपाती जाणार कुठं? मोबाईल दिला काय, पैलवानाचा घास केला काय.

आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच. दूधच दूध पिणारं पोर गुबगुबीत दिसतं आणि आतून रक्त कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांची देशातली ६७ टक्के मुलं रक्त कमी असलेली निघाली. हे फक्त गरिबाघरचं दुखणं नाही. या वयाला दिवसाला अर्धा लिटरच्या आत दूध, तेही तापवून. बाकी भूक भाजी-भाकरी, उसळ, अंडं यासाठी राहू द्या. बाटली वर्ष-दीड वर्षालाच सुटायला हवी होती. रात्री दूध तोंडात ठेवून झोपतो, पुढचे दात बघा एकदा.

मंगळवार पेठेतली आक्का

दात बघितले. सांगत नाही.

चार दिवस झाले, कट्ट्यावर जातात पण दूध किटलीत घरी आणतात. मी तापवते, सकाळी देते. पहिल्या दिवशी पोरगं इतकं रडलं की शेजारीण दार वाजवून विचारून गेली. तिसऱ्या दिवशी सव्वासातला माझ्या पदराला धरून ‘भाकरी कधी’ म्हणाला. तांबडा नको, पांढऱ्या रश्शात कुस्करून दिली. वीस मिनिटांत ताट मोकळं. मोबाईल मागितला, नाही म्हटलं. ‘नाही’च म्हटलं.

आर्याची आई, मधाचं तुमचं बरोबर. माझ्या दोन्ही पोरांना सासूबाईंनी मध चाटवलेला. ‘काही झालं नाही’ असं लिहिणार होते, पण सिस्टर पुन्हा ‘जे गेले’ त्यांचं काढतील. पण तो कागद फ्रीजवरून काढा. सासूला डॉक्टरांसमोर बसवा, नवऱ्याला टीव्ही बंद करायला लावा, तुम्ही बोलू नका, त्याला बोलू दे. त्याची आई आहे ती.

आर्याची आई

सातव्या नियमातलं ‘लेखी असतील तर उत्तम’ काढलंय. बाकीचा नियम आहे तिथंच आहे. नवऱ्याला हा धागा वाचायला दिलाय. तो अजून पुण्याच्या सुनेच्या प्रश्नावर हसतोय.

तालमीतला

कट्टा काय बंद होत नाही. मोठी माणसं पिणारच. लहान पोराला तापवून द्या म्हणता, द्या. पोरापुरतं.

सिस्टर, ते सांधे दुखायचं लिहिलंत आणि येऊन-जाऊन ताप. आमच्या एका पाहुण्याला महिना झाला तसं होतंय. कंबर धरलीय, रात्री घामानं बनियन भिजतं. तो म्हणतो तालमीत लचकलंय.

सिस्टर, बालरुग्ण विभाग (निवृत्त)

पाहुण्याला म्हणावं, उद्याच डॉक्टरकडं जा आणि रक्त तपासून घे. कच्चं दूध पितो हे स्वतःहून सांग, ते विचारायची वाट बघू नको. आणि जाताना पाहुण्याच्या बायकोला बरोबर ने, म्हणजे ‘नाही’ म्हणता यायचं नाही.