मदत हवी आहे: 'रिअ‍ॅश्युअर' म्हणजे नक्की काय?

मंडळी, ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या हातात द्यायच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय. बाकी सगळं झालं, एका वाक्यावर गाडी अडलीय. भूल द्यायच्या आधी नर्स पेशंटला 'रिअ‍ॅश्युअर' करेल असं आहे. 'पुन्हा आश्वासन देईल' लिहिलं तर बाई निवडणुकीला उभ्या आहेत असं वाटतं, आणि 'खात्री देईल' म्हणावं तर ऑपरेशनची खात्री नर्स कशी देणार, उद्या काही झालं की नातेवाईक तोच कागद नाचवतील. हा 'रि' म्हणजे पुन्हा का? आधी कुणी 'अ‍ॅश्युअर' केलेलं असतं का? आणि एलआयसीच्या पॉलिसीवर 'सम अ‍ॅश्युअर्ड' असतं ते हेच का?

प्रतिसाद:
मुळात लॅटिन 'सेक्यूरुस'. 'से' म्हणजे विना, 'क्यूरा' म्हणजे काळजी, म्हणजे चक्क आपला 'निश्चिंत'! त्यावरून फ्रेंचमार्गे 'श्युअर' आणि 'अ‍ॅश्युअर' इंग्रजीत आले, आणि 'रि' चिकटला 16व्या शतकाच्या शेवटी. तो पुन्हाचाच आहे, पण तेच परत सांगणे असा नाही, घाबरल्यामुळे गेलेली निश्चिंती परत आणणे असा.
पॉलिसीवरचा शब्द हाच. मरण येणार हे नक्की, कधी ते माहीत नाही, म्हणून आयुर्विमा तो 'अ‍ॅश्युअरन्स', आणि आग-चोरी होईलच असं नाही म्हणून तो 'इन्शुरन्स', असा फरक ब्रिटिश विमावाले करत आले. (विम्यात 'रिअ‍ॅश्युअरन्स' म्हणजे कंपनीने आपली जोखीम दुसऱ्या कंपनीवर टाकणं, तिथे पेशंटबिशंट काही नाही.)

प्रतिसाद:
आश्वासन बिचारं वाईट नव्हतं हो, त्यात 'श्वास' आहे, घाबरलेल्याने मोकळा श्वास घ्यावा असं करणे. पुढाऱ्यांनी वाट लावली. तुम्ही सरळ 'धीर देईल' लिहा.

प्रतिसाद:
+१, फक्त 'एन्करेज'लाही लोक 'धीर देणे'च लिहितात, ते वेगळं. त्यात 'कोर' म्हणजे काळीज, ते हिंमत बांधणं, 'जा, जमेल तुला' टाइप. इथे पेशंटला काही करायचं नाहीये, नुसतं पडून राहायचंय, त्यामुळे 'धीर' चालेल, 'प्रोत्साहन' नको.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. 'निश्चिंत' फारच आवडला, पण वॉर्डातल्या आजींना 'धीर' जवळचा वाटेल. आता असं केलंय: 'भूल देण्याआधी नर्स तुमच्याशी बोलतील, धीर देतील. मनात काही भीती असेल तर त्यांना मोकळेपणाने सांगा.' चालेल ना? उद्या छापायला द्यायचंय. आणि 'ड्राउझी'ला गुंगी लिहू की झापड?