ड्राइव्ह-इन घेण्याआधी हे तपासा

गोदामात जागा वाचवायला ड्राइव्ह-इन रॅक घ्या, असा सल्ला दिला जातो. यात फोर्कलिफ्ट रॅकच्या आतल्या लेनमध्ये शिरून पॅलेट्स (माल रचलेले पाट) एकामागे एक ठेवते. जागा वाचते हे खरं, पण एका लेनमध्ये शेवटी ठेवलेलं पॅलेट आधी बाहेर येतं. एकाच मालाची लेनभर पॅलेट्स असतील तरच ते परवडतं. एक्सपायरी असलेला किंवा शंभर प्रकारचा माल असेल तर साधा सिलेक्टिव्ह रॅकच (प्रत्येक पॅलेट गल्लीतून थेट काढता येतं असा) घ्या.

त्याआधी फोर्कलिफ्ट ठरवा. काउंटरबॅलन्सला (मागे वजन असलेली नेहमीची फोर्कलिफ्ट) साधारण ३.५ ते ४ मीटर गल्ली लागते, रीच ट्रकला (फोर्क पुढे सरकवणारी फोर्कलिफ्ट) २.७ ते ३ मीटर. रॅक आधी बसवून मग ट्रक शोधणं म्हणजे उलटा कारभार.

आता वजन. पॅलेट १००० किलोचं, एका बीम-जोडीवर (पॅलेट टेकतं ते पुढचा-मागचा आडवा बीम) दोन, बीमचे चार लेव्हल: म्हणजे एका बेचे (दोन उभ्या फ्रेममधल्या खणाचे) ८००० किलो. मधल्या फ्रेमवर दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा भार येतो, म्हणून तिलाही ८००० किलो पेलता आले पाहिजेत. जमिनीवरचं पॅलेट यात धरायचं नाही.

सगळ्यात धोक्याची चूक पुढेच होते: उंच माल आला म्हणून खालचा बीम परस्पर वर सरकवतात. जमीन ते पहिला बीम हे अंतर वाढलं की अपराइट (फ्रेमचा उभा खांब) वाकण्याची शक्यता वाढते आणि फ्रेमची क्षमता बरीच घटते. पुरवठादाराकडून नवा लोड चार्ट (किती भार चालतो त्याचा तक्ता) घेतल्याशिवाय बीम हलवू नका.

भरलेला २७०० मिमीचा बीम मध्यभागी साडेतेरा मिमीपेक्षा जास्त झुकला, तर माल लगेच उतरवा. प्रत्येक बीमच्या दोन्ही टोकांची लॉकपिनही (बीम खांबात अडकवून ठेवणारी पिन) बघा. ती नसेल तर फोर्कच्या धक्क्याने बीम वर उचलला जाऊन निसटतो.